पंचगंगेच्या खोऱ्याचा जलताळेबंद: तीस वर्षांचा हिशेब कसा मांडायचा

पडलेल्या पावसातलं काही पाणी नदीतून वाहून जातं, काही बाष्पोत्सर्जनाने, म्हणजे जमिनीतून आणि झाडांतून वाफ होऊन, हवेत परत जातं आणि काही जमिनीत, विहिरींत, धरणांत थांबतं. एकाच वर्षाचा हिशेब मांडला तर हे थांबलेलं पाणी सगळं गणित बिघडवतं. वीस-तीस वर्षांचा मांडला तर त्याचा वाटा जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून दीर्घकालीन ताळेबंदाचं समीकरण छोटं आहे:

पाऊस + बाहेरून आणलेलं पाणी = नदीचा प्रवाह + बाष्पोत्सर्जन + बाहेर नेलेलं पाणी + साठ्यातला बदल

पंचगंगेत हे समीकरण भरणं मात्र सोपं नाही. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. एवढा उतार शंभर किलोमीटरच्या आत. त्यामुळे खोऱ्याच्या पश्चिमेकडच्या छोट्या पट्ट्यातली चूक सगळ्या हिशेबावर बसते. हातात दहा दिवस असतील तर पाच दिवस घाटातल्या पावसावर घालवा. उपग्रहाच्या नकाशांवर रंग भरण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

सीमा आणि मोजमापाची जागा

जिल्हा म्हणजे खोरं नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. पण जिल्ह्याच्या रोजच्या धरण अहवालात यांच्याच शेजारी दूधगंगा, पाटगाव, कडवी आणि वारणाही असतात. पाटगावचं पाणी वेदगंगेला जातं, कडवीचं वारणेला. हे आकडे पंचगंगेत मिसळले की हिशेब पहिल्याच पानावर फसतो. शाहूवाडी तालुका तर दोन खोऱ्यांत विभागलेला आहे. तालुक्याची सरासरी उचलून कासारीला लावू नका.

सीमा काढण्यासाठी ३० मीटरच्या चौकोनांचं उंचीचं प्रारूप पुरतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत प्रारूपातले खड्डे भरा, प्रवाहाची दिशा आणि संचय काढा, मग निर्गम बिंदू (खोऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा) नदीच्या रेषेवर नेमका बसवा. तो एक-दोन चौकोन बाजूला पडला तर नदीऐवजी एखाद्या ओढ्याचं पाणलोट हाती येतं. क्षेत्रफळ काढण्याआधी नकाशा यूटीएम विभाग ४३ उत्तर या प्रक्षेपात आणा. अक्षांश-रेखांशात काढलेलं क्षेत्रफळ निरुपयोगी असतं.

दोन जागा हाताने तपासाव्या लागतात. एक म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्याचे सडे. ते इतके सपाट आहेत की संगणक तिथलं पाणी कोकणात ढकलतो किंवा कोकणातलं इकडे ओढतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरच्या ओढ्यांशी सीमा पडताळा. दुसरी जागा जलाशयांची: पाण्याचा सपाट पृष्ठभाग प्रवाहरेषा वेडीवाकडी करतो. उत्तरेला पन्हाळा-जोतिबाच्या रांगेने वारणा वेगळी होते, ती बाजू मात्र सहसा सरळ निघते.

निर्गम बिंदू कुठे घ्यायचा? नरसोबाची वाडी नको. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी तिथे तुंबतं आणि पातळीवरून विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) काढता येत नाही. तेरवाडला केंद्रीय जल आयोगाचं केंद्र आहे, पण मोठ्या पुरात कृष्णेचा फुगवटा तिथपर्यंत मागे येतो, तेव्हा ते दिवस वेगळे काढावे लागतात. वरच्या उपखोऱ्यांसाठी धरणं हीच सर्वांत चांगली मोजमापाची ठिकाणं आहेत. ते कसं, ते पुढे येईल.

पाऊस

जलवर्ष १ जून ते ३१ मे धरा. जानेवारी ते डिसेंबर धरलं तर एका पावसाळ्यातलं पाणी दोन वर्षांत वाटलं जातं आणि धरणातल्या साठ्याचा फरक उगाच मोठा दिसतो. किमान २० वर्षं घ्या, जमल्यास ३०. त्यात २००५ आणि २०१९ सारखी ओली आणि २००३, २०१५ सारखी कोरडी वर्षं दोन्ही असू द्या. फक्त अलीकडची आठ-दहा वर्षं घेतली तर हाती येणारी सरासरी त्याच दशकाची असते.

कच्चे आकडे घेताना काही गोष्टी आधी तपासायच्या. पर्जन्यमापकाचं वाचन सकाळी साडेआठला होतं, म्हणजे आजच्या तारखेसमोरचा आकडा बहुतेक काल पडलेल्या पावसाचा असतो. हवामान खात्याचे आणि धरणाचे आकडे शेजारी ठेवताना एक दिवसाचा सरक राहिला तर वार्षिक बेरजेला फरक पडत नाही, पण पुराच्या आठवड्याचा ताळा मात्र लागत नाही. महसूल खात्याच्या तक्त्यांत अनेकदा फक्त जून ते ऑक्टोबर असतो. घाटात त्याने फारसं बिघडत नाही, पण शिरोळ-हातकणंगल्यात वळीव आणि परतीच्या पावसाचा वाटा मोठा असतो. तिथे उरलेले महिने शून्य धरले तर पाऊस कमी भरतो. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक तक्त्यात आधी दुरुस्त करा.

घाटात पर्जन्यमापक स्वतःच कमी दाखवतो. २०० चौ. सेंमी तोंडाच्या मापकाखाली ४ लिटरची बाटली असेल तर ती २०० मिमी पावसातच भरते. अतिवृष्टीच्या दिवशी दोन-तीनदा मोजलं नाही तर वरचं पाणी हिशेबाबाहेर सांडतं. तक्त्यात सलग दिवस २०० किंवा त्याच्या अगदी जवळचे आकडे दिसले तर शंका घ्या. स्वयंचलित केंद्रातलं झुलतं बादलीयंत्र जोराच्या सरीत मागे पडतं. आणि कड्यावरच्या वाऱ्यात थेंब तिरपे जाऊन मापकात कमीच शिरतात.

एखादं केंद्र मध्येच हलवलं गेलं आहे का, हे कळण्यासाठी दुहेरी संचयी आलेख काढा: आडव्या अक्षावर आजूबाजूच्या पाच-सहा केंद्रांच्या सरासरी वार्षिक पावसाची साठत जाणारी बेरीज, उभ्या अक्षावर तपासायच्या केंद्राची. रेषा सरळ हवी. एखाद्या वर्षापासून उतार बदलला आणि तो पुढची पाच तरी वर्षं टिकला, तर मापक हलला, शेजारी झाड वाढलं किंवा इमारत उभी राहिली असं समजून जुने आकडे नव्या उताराला आणा. एकाच वर्षाच्या वाकड्या बिंदूला हात लावू नका.

आता सरासरी. थीसेन बहुभुज, म्हणजे प्रत्येक जागेला सर्वांत जवळच्या केंद्राचा पाऊस देण्याची पद्धत, इथे चालत नाही. गगनबावड्याचा मापक कड्याजवळ आहे, आणि बहुभुजाची पद्धत त्याचा पाऊस दहा-पंधरा किलोमीटर पूर्वेपर्यंत जसाच्या तसा पसरवते. हवामान खात्याचा पाव अंशाचा जाळीदार पाऊस लांब कालावधीसाठी चांगला आहे, पण त्याचा एक चौकोन साधारण २७ किमीचा. तेवढ्या अंतरात पाऊस निम्म्याहून कमी होतो. उपग्रहाधारित मालिका घाटमाथ्याचा पाऊस बऱ्याचदा कमी दाखवतात, कारण ढग उथळ असतात आणि पाऊस डोंगर चढताना पडतो. जाळीच्या आकड्यांचा उपयोग वर्षावर्षांतला चढउतार पाहण्यासाठी आणि गाळलेले महिने भरण्यासाठी करा, एकूण मापासाठी नको.

मापासाठी समपर्जन्य रेषा (सारखा पाऊस पडणाऱ्या जागा जोडणाऱ्या) काढा. प्रत्येक केंद्राचं घाटकड्यापासूनचं पूर्वेकडचं अंतर मोजा, सरासरी वार्षिक पावसाचा लॉगॅरिदम घ्या आणि दोन्ही आलेखावर मांडा. कड्याजवळ रेषा तीव्र उतरते, मग सौम्य होते. एकच सरळ रेषा बसवण्याऐवजी दोन तुकडे बसवा. त्यावरून ५ किमीच्या पट्ट्यांना पाऊस द्या, पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणा आणि बेरीज करा.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका उदाहरणाने पाहू. आकडे गोल आहेत, पद्धत कळावी म्हणून घेतलेले. २,००० चौ. किमीचं खोरं समजा. घाटाचा पट्टा ४०० चौ. किमी, पाऊस ४,२०० मिमी. मधला ८०० चौ. किमी, १,९०० मिमी. पूर्वेचा ८०० चौ. किमी, ८५० मिमी. क्षेत्रफळाने भारित सरासरी १,९४० मिमी येते. तीन केंद्रांची साधी सरासरी २,३१७ मिमी, म्हणजे जवळजवळ २० टक्के जास्त. या चुकीचं पाणी ७५४ दशलक्ष घनमीटर, साडेसव्वीस टीएमसी (अब्ज घनफूट) होतं. राधानगरी धरण तीनदा भरून उरेल एवढं.

रूपांतरं एकदाच भिंतीवर लिहून ठेवा. १ चौ. किमीवर १ मिमी म्हणजे १,००० घनमीटर. १ टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर. १ लाख क्युसेक (घनफूट दर सेकंदाला) दिवसभर वाहिला तर ८.६४ टीएमसी. या २,००० चौ. किमीच्या खोऱ्यावर १ टीएमसी म्हणजे साधारण १४ मिमी.

धरण हाच मोठा पर्जन्यमापक

घाटातल्या पावसाची सर्वांत विश्वासू पडताळणी धरणाच्या नोंदवहीतून होते. रोजच्या नोंदीत पातळी, साठा, वीजगृहातून आणि दरवाज्यांतून सोडलेलं पाणी असतं. वर्षभराचा येवा, म्हणजे धरणात आलेलं पाणी, असा काढा:

येवा = वर्षअखेरचा साठा − वर्षारंभीचा साठा + सोडलेलं सगळं पाणी + जलाशयाचं बाष्पीभवन + गळती

समजा, धरणाचं पाणलोट क्षेत्र १०० चौ. किमी आहे आणि सरासरी येवा १२ टीएमसी. म्हणजे ३४० दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३,४०० मिमी. घाटातलं बाष्पोत्सर्जन ८५० मिमीच्या आसपास धरलं तर पाऊस ४,२५० मिमी असायला हवा. भिंतीजवळचा मापक ३,६०० सांगत असेल तर तो चुकीचा असेलच असं नाही. तो पाणलोटाच्या पूर्व टोकाला, कमी पावसाच्या जागी उभा आहे एवढंच. पण तो आकडा पूर्ण पाणलोटाला लावला तर बाष्पोत्सर्जनाला फक्त २०० मिमी उरतात, आणि दाजीपूरच्या जंगलात ते अशक्य आहे. राधानगरी, तुळशी, कासारी आणि कुंभी या चारही ठिकाणी हा ताळा घ्या आणि समपर्जन्य रेषा त्याप्रमाणे वर सरकवा.

रोजचा येवा मात्र या पद्धतीने काढू नका. जलाशयाच्या पातळीत वाऱ्याने दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडला तरी दिवसाचा येवा उणे येतो. आठवडा किंवा महिना धरा. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाज्यांची उघडण्याची आणि मिटण्याची वेळ तासात मिळवा; तारीखच मिळाली तर शेवटच्या दिवसाचा विसर्ग फसवा निघतो.

नदीचा प्रवाह

राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळ्या कोल्हापूरला पाठ असते, पण ती पातळी आहे, प्रवाह नव्हे. पातळीवरून विसर्ग काढायला पातळी-विसर्ग वक्र लागतो आणि तो बसवायला प्रवाहमापकाने वेगवेगळ्या पातळ्यांवर घेतलेली मोजमापं लागतात. वक्राचं नेहमीचं रूप असं: विसर्ग = क × (पातळी − शून्य प्रवाहाची पातळी) चा घात ख. शून्य प्रवाहाची पातळी अंदाजाने टाकली तर कमी पाण्याचे महिने सगळे चुकतात.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे इथे आणखी एक अडचण आहे. पावसाळा सरला की बरगे (बंधाऱ्याची दारं बंद करायच्या फळ्या) घालतात आणि जूनच्या तोंडावर काढतात. बरगे असताना नदी म्हणजे तळ्यांची माळ असते: पातळी उंच, प्रवाह जवळजवळ नाही. पावसाळ्यात बसवलेला वक्र त्या महिन्यांना लावला तर जानेवारीतही मोठा विसर्ग दिसतो आणि वर्षाच्या बेरजेत खोटं पाणी शिरतं. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याच्या बरगे घालण्याच्या आणि काढण्याच्या तारखा पाटबंधारे शाखेतून मिळवा. त्या काळात पातळीवरून विसर्ग काढूच नका. वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यातून वाटेतला उपसा वजा करा, किंवा प्रत्यक्ष मोजमापं असतील तेवढीच वापरा. उन्हाळ्यातलं वाहतं पाणी वार्षिक बेरजेत कमी असतं, त्यामुळे तिथली थोडी चूक खपते.

पुरातली चूक खपत नाही. समजा, पाच दिवस सरासरी ६०,००० क्युसेक वाहिले. ते झाले जवळजवळ २६ टीएमसी. वक्र त्या उंचीवर २० टक्के चुकला तर पाच टीएमसीचा, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या खोऱ्यावर ७३ मिमीचा घोटाळा. आणि वक्र तिथेच चुकतो: पूर असताना नावेतून मोजमाप घेणं धोक्याचं असल्याने वरचा भाग ओढून वाढवलेला असतो, शिवाय पाणी पात्राबाहेर पडून शेतांतून, रस्त्यांवरून वाहतं. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. ते पाणी बंधाऱ्याच्या छेदातून गेलेलं नाही.

अशा दिवसांसाठी तीन मार्ग आहेत. पूरमैदानासकट छेद घेऊन उतार-क्षेत्रफळ पद्धतीने विसर्ग काढा. किंवा धरणांचा विसर्ग आणि मधल्या पाणलोटातलं पावसाचं पाणी जोडून वरून खाली या. किंवा दोन केंद्रांच्या पातळीतला फरक वापरून फुगवट्याची दुरुस्ती करा. पहिले दोन वेगवेगळे करून पाहा. दोन्हींत २५ टक्क्यांहून जास्त अंतर आलं तर ते दिवस अनिश्चित म्हणून खूण करा आणि शेवटी काढायच्या चुकीच्या मर्यादेत धरा.

वळवलेलं आणि वापरलेलं पाणी

मोजलेला प्रवाह हा वापरानंतर उरलेला प्रवाह असतो. खोऱ्याची मूळ क्षमता हवी असेल तर वापर परत मिळवावा लागतो. इथेच दुहेरी मोजणी सर्वांत जास्त होते.

उपसा सिंचन संस्थेने नदीतून उचललेलं सगळं पाणी वापर नव्हे. त्यातलं काही निचऱ्याने ओढ्यांत आणि विहिरींत परत येतं. ताळेबंदात फक्त पिकाने हवेत सोडलेलं पाणी मोजायचं. उसाला वर्षभरात साधारण १,५०० मिमी लागतात असं धरलं आणि तिथल्या कोरडवाहू जमिनीचं बाष्पोत्सर्जन ६०० मिमी, तर जादा वापर ९०० मिमीच. ३०,००० हेक्टर ऊस असेल तर तो २७० दशलक्ष घनमीटर, साडेनऊ टीएमसी, आपल्या खोऱ्यावर १३५ मिमी होतो. पंपाच्या वीजबिलावरून काढलेला उपसा याहून कितीतरी मोठा दिसेल. तो वापर म्हणून धरू नका.

उसाचं क्षेत्र साखर कारखान्यांच्या नोंदींवरून काढलं तर खोऱ्याबाहेरचा ऊसही त्यात येतो. गावनिहाय ई-पीक पाहणी घ्या आणि गावं खोऱ्याच्या सीमेशी जुळवा. आडसाली ऊस अठरा महिने उभा असतो आणि दोन वर्षांच्या पाहणीत दिसतो. खोडव्याचं क्षेत्रही त्याच वर्षात मोजा. लागणीचा आणि तोडणीचा महिना माहीत असेल तर महिनावार क्षेत्र धरा, नाहीतर वार्षिक सरासरी क्षेत्र पुरे.

पिण्याच्या पाण्यापैकी मोठा भाग सांडपाणी होऊन परत येतो. ८० टक्के धरण्याची पद्धत आहे. पण पाणी आलं कुठून आणि परत कुठे गेलं, ते पाहा. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं पाणी दूधगंगेच्या खोऱ्यातलं. ते पुईखडीवरून कोल्हापुरात येतं आणि जयंती, दुधाळी नाल्यांतून किंवा प्रक्रिया केंद्रातून पंचगंगेला मिळतं. पंचगंगेच्या ताळेबंदात ही आयात आहे. ही योजना २०२३ च्या अखेरीस सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांना तो आकडा लावू नका. इचलकरंजीला कृष्णेचंही पाणी मिळतं आणि काळ्या ओढ्याने सांडपाणी पंचगंगेला जातं, तेही आयातच.

बाष्पोत्सर्जन

वार्षिक पाऊस आणि तापमानावरून एका ओळीत बाष्पोत्सर्जन देणारी सूत्रं लोकप्रिय आहेत. घाटात ती फसवतात. टर्कचं सूत्र घ्या: तापमान २४ अंश आणि पाऊस ४,२०० मिमी असेल तर ते सुमारे १,५०० मिमी देतं. बुडिको घराण्यातलं फूचं सूत्र १,४६० मिमी संभाव्य बाष्पोत्सर्जन (पाणी भरपूर असतं तर झालं असतं ते, म्हणजे हवेची मागणी) आणि २.६ हा घटक धरून सुमारे १,३६० देतं. दोन्ही खूप जास्त. या सूत्रांना पाऊस वर्षभर पसरलेला हवा असतो. इथे चार महिने पाणी इतकं असतं की वाहून जातं, आणि त्या काळात आभाळ भरलेलं असल्याने हवेची मागणीच कमी. मागणी वाढते मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा सड्याच्या मातीत ओल शिल्लक नसते.

म्हणून महिनावार हिशेब करा. संभाव्य बाष्पोत्सर्जन हरग्रीव्ह्जच्या सूत्राने काढा. कमाल-किमान तापमान पुरतं आणि ढगाळ दिवसांत दोन्हींतला फरक कमी होत असल्याने आकडाही आपोआप उतरतो. माती ही ठरावीक मापाची बादली समजा. महिन्याचा पाऊस मागणीपेक्षा जास्त असेल तर बाष्पोत्सर्जन मागणीएवढं, उरलेल्यातून बादली भरते आणि मग सांडते. पाऊस कमी असेल तर बादलीतली ओल हळूहळू उतरते; थॉर्नथ्वेट-मॅथर पद्धतीत उरलेली ओल = क्षमता × ई (२.७१८) चा (−साठलेली तूट ÷ क्षमता) घात.

घाटाच्या पट्ट्यात जून ते ऑक्टोबरची मागणी ५०० मिमी धरा: ती पूर्ण भागते. नोव्हेंबर ते मे ची मागणी ९६० मिमी. बादली २५० मिमीची असेल तर त्यातून २४५ मिळतात आणि वर्षाचं बाष्पोत्सर्जन ७४५ मिमी होतं. दाट जंगलात मुळं खोल जातात म्हणून बादली ४०० मिमीची धरली तर ८६४. पानांवर अडून तिथूनच उडणारं पाणी थोडं वर धरा. वार्षिक सूत्रांच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच!

इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या मोजमापांवरून दिलेली जुनी सूत्रं इथे आजही चांगला ताळा देतात. घाटासाठी: अपधाव (वाहून जाणारं पाणी) = ०.८५ × पाऊस − ३०.५. सपाट प्रदेशासाठी: अपधाव = पाऊस × (पाऊस − १७.८) ÷ २५४. दोन्हींत सेंटिमीटर वापरायचे. मिलिमीटर टाकण्याची चूक सर्रास होते. ४२० सेंमी पावसाला पहिलं सूत्र ३२६.५ सेंमी अपधाव देतं, म्हणजे नुकसान ९३५ मिमी, बादलीच्या उत्तराशेजारीच. १९० सेंमीच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही सूत्रं जवळजवळ सारखंच उत्तर देतात, १३१ आणि १२९ सेंमी. दोघांची हद्द तिथेच कुठेतरी आहे. पूर्वेच्या ८५ सेंमीला दुसरं सूत्र साडेबावीस सेंमी देतं. ही सूत्रं ऊस आणि बंधारे वाढण्याआधीची आहेत, त्यामुळे त्यांची तुलना वापर मिळवलेल्या प्रवाहाशीच करा.

उपग्रहाधारित बाष्पोत्सर्जनाचे नकाशे पावसाळ्यात ढगांमुळे अंदाजावर चालतात. उन्हाळ्यात मात्र उसाचे मळे आणि कोरडं रान वेगळं करायला ते फार चांगले आहेत. तेवढ्यापुरते वापरा.

साठा

चार धरणांची मिळून क्षमता सुमारे १७ टीएमसी, आपल्या खोऱ्यावर २४० मिमी. एका वर्षात यातला मोठा भाग हलू शकतो. पण वीस वर्षांत सुरुवात आणि शेवट यांत अगदी पूर्ण क्षमतेचा फरक पडला तरी वर्षाला १२ मिमीच. भूजलासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या मे महिन्यातल्या विहिरींच्या पातळ्या घ्या. बेसॉल्टमध्ये विशिष्ट उत्पन्न (खडकातून निचरून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा) २ टक्के धरलं तर वीस वर्षांत दोन मीटर उतार म्हणजे एकूण ४० मिमी, वर्षाला दोन. इथे वेळ घालवू नका.

ताळा

उदाहरणाचं खोरं पुरं करू. पाऊस १,९४०. नैसर्गिक बाष्पोत्सर्जन तीन पट्ट्यांत ८६०, ७००, ६०० धरून भारित ६९२. उसाचा जादा वापर १३५. जलाशयांवरून जमिनीपेक्षा जास्त उडणारं पाणी, ३० चौ. किमीवर ०.८ मीटर धरून, १२. बाकी राहते १,१०१ मिमी, म्हणजे सुमारे ७८ टीएमसी. मापन केंद्र १,०५० सांगतं. तफावत ५१ मिमी, पावसाच्या तीन टक्क्यांहून कमी.

हे पाहून आनंद करण्याआधी चुकीची मर्यादा काढा. पावसात १० टक्के म्हणजे १९४, प्रवाहात १० टक्के म्हणजे १०५, बाष्पोत्सर्जनात १०० मिमी. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं तर सुमारे २४० येतात. म्हणजे ५१ ची तफावत जुळली असं म्हणता येतं, पण दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकतही असतील. म्हणून हाच ताळा प्रत्येक उपखोऱ्यात वेगळा घ्या. कासारीत +१५० आणि भोगावतीत −१५० येऊन बेरीज शून्य झाली असेल तर तो हिशेब जुळलेला नाही.

तफावत नेहमी एकाच दिशेने येत असेल तर कारण बहुधा ठरलेलं असतं. घाटाच्या उपखोऱ्यात प्रवाह पावसाच्या ९० टक्क्यांहून जास्त दिसला तर पाऊस कमी मोजला आहे. पूर्वेकडे प्रवाह फार जास्त दिसला तर बरग्यांचे महिने तपासा. फक्त ओल्या वर्षांत तफावत वाढत असेल तर वक्राचा वरचा भाग, आणि फक्त कोरड्या वर्षांत वाढत असेल तर उपसा. तफावत कधीही बाष्पोत्सर्जनात ढकलून शून्य करू नका. अहवालात ती स्वतंत्र ओळीत दाखवा.

सरासरी म्हणजे भरवशाचं पाणी नव्हे

ताळेबंदातली सरासरी घेऊन कुणी नवी उपसा योजना आखली तर ती निम्म्या वर्षांत कोरडी पडेल. नियोजनासाठी वापर मिळवलेले वार्षिक प्रवाह मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि क्रमांक ÷ (वर्षं + १) ने विश्वासार्हता, म्हणजे तेवढं पाणी किती टक्के वर्षांत मिळतं ते, काढा. ३० वर्षं असतील तर ७५ टक्क्यांचं पाणी तेविसाव्या क्रमांकाजवळ येतं. कृष्णा पाणीवाटपात पहिल्या लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा आधार घेतला होता, त्यामुळे सरकारी कागदांशी तुलना करताना आपला आकडा सरासरीचा आहे की ७५ टक्क्यांचा, ते प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकातच लिहा. पंचगंगेसाठी वार्षिक आकड्याशेजारी डिसेंबर ते मे चा प्रवाहही वेगळा द्या. उपसाबंदी त्याच महिन्यांत लागते, आणि वर्षाच्या बेरजेत ते महिने दिसतही नाहीत.